गुहेतल्या आईची बोली

सरा बरं जरा पुढं. कीर्तनाला उशिरा आलेली माणसं चपलांपाशीच बसकण मारतात, तसं दूर बसू नका. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. यात एक लेकरू आहे, बर्फातलं, हजारो वर्षांमागचं. त्याला दुसऱ्याच जातीच्या माणसांनी वाढवलं, माणूस म्हणावं की नाही असा पंडितांना प्रश्न पडतो अशा माणसांनी. आणि यात माझी किळस आहे. ती आधीच सांगून टाकते, कारण बुवासुद्धा आख्यान लावण्याआधी सुचवतात, आज डोळ्यांना पदर लावा, आज मुठी आवळा. आज नाकाला पदर लावा, मायबापहो. हा रस सहसा कुणी लावत नाही, ऐकणाऱ्याला मग प्रसाद कडू लागतो. पण मला दुसरा येईना.

मी पुस्तकं वाचते, दुसऱ्यांच्या कानांसाठी. यवतमाळला बाजारात एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर राजकुमारची रेकॉर्डिंगची खोली आहे, भिंतींना गादीवाल्याकडचा फोम चिकटवलेला, पंखा बंद, आणि त्या उकाड्यात मी माइकपुढे बसून कादंबऱ्या वाचते. त्या लोक स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकतात. यंदाची कादंबरी पुण्याच्या एका तरुण लेखकाची होती. बर्फाच्या काळातली. एका खड्ड्यात मेलेल्या बाईशेजारी दीड वर्षाची पोर सापडते. ज्यांना सापडते ते आपल्यासारखे नाहीत, कपाळ मागं गेलेलं, भुवईचं हाड पुढं आलेलं, अंगावर केस. शास्त्रज्ञ त्यांना निअँडरथल म्हणतात, लेखक 'जुनी माणसं' म्हणतो. त्यांच्यातली एक बाई, तिला नावच नाही, नुसती 'मोठी', त्या पोरीला छातीशी लावते. पोरीला सगळे 'पल्याडची' म्हणतात. पुढं पोर मोठी होते, एक दिवस तिचे लोक येतात आणि तिला घेऊन जातात. बस, एवढीच गोष्ट. मी घरी एकदा मनात वाचली तेव्हा बरी वाटली होती. गोष्ट वाचताना जीभ हलत नाही ना, म्हणून कळलं नाही. माइकपुढे मोठीचं पहिलं वाक्य आलं, "खाय वं. मले नको. तू खाय." त्याच्यापुढचं पल्याडचीचं, "मला थंडी वाजते आहे, आई. आपण कुठे चाललो आहोत?" मी दोन्ही वाचली, दोन आवाजांत, एक जाड, एक बारीक. आणि कानावरच्या हेडफोनमधून माझाच आवाज माझ्याकडे परत आला तेव्हा तोंडाला नासक्या दुधाची चव आली.

दिग्दर्शकबाई पुण्याहून ऐकत होत्या. मुलगी हुशार, बोलायला गोड. म्हणाल्या, "कुंदाताई, मस्त. फक्त मोठी अजून थोडी जड करता येईल का? जिभेला लोळ द्या. ती प्रगत नाहीये ना."

"जड म्हणजे कशी?"

"म्हणजे तुमच्याकडे बोलतात तसंच, पण अजून मागचं."

पडद्याआडून राजकुमार म्हणाला, "मॅडम, याच्याहून मांगं गेलो त आमाले झाडावरच चढा लागन." बाई खळखळून हसल्या. मीही हसले. ते हसू गालावर वाळत गेलं, पिठल्याचा ओघळ वाळतो तसं. मग मी विचारलं, "एक शंका आहे. ही पोर दीड वर्षाची सापडली. गुहेत सगळे 'मले' म्हणतात. मग तिला 'मला' कुणी शिकवलं?"

 बाई म्हणाल्या, "लॉजिक बरोबर आहे हो तुमचं. पण ऐकणाऱ्याला कळायला हवं ना, ती आपली आहे."

आपली. हा शब्द मी हजार वेळा उच्चारला असेल, कीर्तनात तर तो देवालाही लावतात. पण त्या दिवशी तो दाढेखाली आला आणि चावला गेला. म्हणजे कानात थोडं 'मले' पडलं की ऐकणाऱ्यानं समजायचं, ही केसाळ. 'मला' पडलं की ही आपली, हिला वाचवायला पाहिजे. मी पाणी प्यायले. पाण्यालाही तीच चव. संहितेत कंसात लिहिलेलं होतं: मोठी कंद चावते, मऊ करून पल्याडचीच्या तोंडात घालते, चघळण्याचा ओला आवाज, ऐकणाऱ्याला किळस यावी. राजकुमारनं केळं आणलं होतं. ते तो माइकशी तोंड नेऊन चावू लागला, चप चप चप, आणि बाई सांगत होत्या, अजून ओलं, अजून. मी डोळे मिटले. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं. बुवा सांगतात, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या आणि देवानं त्यांच्या तोंडचा घास काढून खाल्ला, आणि आम्ही साऱ्याजणी डोळे पुसतो, हंडीतला काला तळहातावर घेऊन चाटतो. मी दरवर्षी चाटते. तेव्हा कंसात काही लिहिलेलं नसतं.

मला भाकरी चावून कुणी भरवली ते सांगते. माझे वडील ओव्हरसियर होते, महागावच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर. आई तापानं गेली तेव्हा मी चालायला लागले होते, एवढंच. कामावर खडी फोडायला बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या बाया यायच्या, त्यांतल्या मानीबाईच्या अंगावर तिची लेक लाली पीत होती. वडिलांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं, म्हणाले दोन-चार दिवस सांभाळ. ते आले तेव्हा मी दहा वर्षांची झाले होते. मधल्या काळात तिला मी याडी म्हणत होते. तांड्यात आईला याडी म्हणतात. तांड्यातले लोक स्वतःला गोर म्हणतात आणि बाहेरच्या सगळ्यांना, तुम्हाला, मला, पाटलाला, तहसीलदाराला, कोर. शिवी नाही ती. उंबऱ्याला नाव असावं तसं नाव आहे. मी कोर होते. पोरं खेळताना भांडली की म्हणायची, आणि विसरून जायची. विसरत नव्हती एकटी मानीबाई. ती लालीशी, नवऱ्याशी, बकरीशी, चुलीतल्या धुराशीसुद्धा स्वतःच्या गोरबोलीत बोलायची आणि माझ्याकडे वळली की वऱ्हाडी. बाजारात आणि खडीवर शिकलेली वऱ्हाडी, मोडकी. बैलाला 'आली' म्हणायची आणि पावसाला 'पडली'. लालीला एकदा सांगायची, तेच मला पुन्हा. दोघींना एकच रागवायचं तरी दोनदा रागवायची. खेमसिंग, तिचा नवरा, वैतागायचा, "अवं, आपल्या चुलीपाशी तरी आपली बोल! घर हाय का कचेरी?" त्याच्या या बोलण्यातली अर्धी वऱ्हाडीही माझ्यासाठीच असायची, हे मला फार उशिरा कळलं. आणि ती म्हणायची, "पोरीची बोली पोरीले रायली पायजे. उद्या तिचे लोकं येतीन, आन पोरगी मुकी दिसली त म्हणतीन, मानीनं खराब केली."

मग लोक आले. वडील, आणि नव्या आई. नव्या आई वाईट नव्हत्या. यवतमाळच्या घरी त्यांनी माझे केस सोडवले, वेणीत गुंतलेल्या घुगऱ्या, तांड्यातला केसांचा दागिना, कापून काढल्या, अंग घासून काढलं, आणि मग जीभ घासायला घेतली. "मले पाणी दे," असं म्हटलं की पेला उचलून हातात धरून ठेवायच्या. "मला." मी म्हणायची, "मला." पेला मिळायचा. तहान लागते आणि माणूस शिकतो. मी इतकी शिकले की पुढं शाळेत वक्तृत्वाला पहिली, आणि आता पुण्याच्या लोकांना मोठीसाठी वऱ्हाडी आवाज हवा तर तो मला आठवून, जुळवून, नकलेसारखा काढावा लागतो. हीच ती मेख. दिग्दर्शकबाईंना 'मागचं' हवं होतं आणि मी घशात खाली उतरून ते शोधत होते, तर तिथं मानीबाई बसलेली. बैलाला 'आली' म्हणणारी. मोठीच्या तोंडी मी जे जे जड, लोळदार, अडखळतं घातलं आणि बाई वा वा म्हणाल्या, ते सगळं एका बाईचं दुसऱ्याच्या लेकरासाठी परक्या भाषेत अडखळणं होतं.

दोन वर्षांपूर्वी याडी गेली. मी पहिल्या बसनं गेले. अंगणात बाया होत्या. तांड्यात रडणं नुसतं रडणं नसतं. मुलगी सासरी निघाली की ती एकेकीच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात, आणि मरणातही बाया तशाच गळ्यात गळा घालून म्हणतात, तू मला कुठल्या बाजाराला नेलंस, काय खाऊ घातलंस, कोणता घागरा शिवून दिलास. शब्द नदीसारखे येतात, आणि रडण्याला चाल असते. लाली आईच्या पायाशी कोसळली होती आणि तिच्या गळ्यात मावशी, मावशीच्या गळ्यात सून. मी उभी. मला काय म्हणून रडावं ते कळेना. 'मला सोडून गेलीस' हे वाक्य जिभेवर आलं आणि शाळेतल्या नाटकातलं वाटलं. 'मले' मी पुसून टाकलं होतं. आणि तिची बोली तर तिनं मला कधी दिलीच नव्हती. डोळेही कोरडे, दगडासारखे. तेवढ्यात कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. पाहुणीला. मी तिच्या मरणात खुर्चीवर बसले, मांडीवर पर्स ठेवून.

तर शेवटचं प्रकरण. पल्याडचीचे लोक तिला घेऊन निघतात, मोठी बर्फाच्या कडेला उभी. संहितेत: मोठी रडते, शब्द नाहीत, जनावरासारखं. मी दोन-तीनदा केलं, बाईंना पटेना. आणि राजकुमार, बिचारा मदत करायला गेला, म्हणाला, "कुंदाताई तांड्यात वाढल्या ना मॅडम. तिकडच्या बाया रडतेत ते ऐकसान त अंगावर काटा येईन."

"अय्या, खरंच? मग तेच द्या ना! एकदम अस्सल."

"ते असं देता येत नाही हो," मी म्हटलं.

"ट्रायल म्हणून. नाही जमलं तर सोडून देऊ."

मी ठरवलं, काहीतरी खोटं करू, दोन हुंदके, एक ओरड. डोळे मिटून तोंड उघडलं, आणि याडीऽऽ असं जे निघालं ते थांबेना. कुठं होतं ते सगळं? झोपडीच्या कुडामागून ऐकलेलं, दुसऱ्यांच्या लग्नात पायरीवर बसून ऐकलेलं, गोरबोलीचे अर्धे शब्द, मधे वऱ्हाडीचे, मधे नुसती चाल. भाकरी आली त्यात, खडीच्या धुळीनं पांढरे झालेले तिचे हात आले, पडलेली पाऊस आली. दोन वर्षं न आलेलं पाणी गालावरून मानेत उतरलं. थांबले तेव्हा खोलीत राजकुमारच्या खुर्चीचं करकरणं तेवढं होतं. मग हेडफोनमध्ये, "सुपर्ब. कुंदाताई, सुपर्ब. मागे लांडगे टाकू. आणि शब्द कळत नाहीयेत ना, तेच छान आहे, प्राण्यासारखं वाटतंय."

मी मोरीपाशी जाऊन ओकले. बाईंची किळस आली म्हणून नव्हे. त्या कालच्या पोरीला काय माहीत. किळस याची, की याडीच्या मढ्यासमोर जे आलं नाही ते इथं मागितल्यावर आलं. आणि खरं आलं. आणि तरीही, ऐका, वरच्या सुरावर जाताना आवाज फाटू नये म्हणून मी माइकपासून वीतभर मागं सरले होते. आईसाठी रडताना मी माइकपासून मागं सरले. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, आरशात पाहिलं तर कुंकू पसरून कपाळभर झालेलं.

फाइल संध्याकाळी पुण्याला जायची होती. मी खाली येऊन रसवंतीच्या बाकावर बसले आणि लालीबाईला फोन लावला. ती तुरीच्या शेंगा तोडत होती, मागं बायांचा गलका.

"बोल वं कुंदे. आज कशी आठवण आली? तुहा त रेडिओ चालू असते."

मी सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं.

"रडली? तू?" आणि गलक्याकडे तोंड करून ओरडली, "अवं, कुंदी रडली बाप्पा!" मग मला, "कोणाच्या गळ्यात पडून?"

"कुणाच्याच नाही. माइकपुढे."

"माइक म्हंजे थो लोखंडाचा डांबा? डांब्याच्या गळ्यात पडून रडली?" ती इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला. हसू ओसरल्यावर आवाज बदलला. "कायले पण? कोणासाठी?"

"पुस्तकातली एक आई आहे. गुहेतली. तिची पोर नेतात."

"मंग थे माय काहून नाई रडत सोता? तिच्या तोंडात जीभ नाई?"

"तिला शब्द दिलेले नाहीत."

"हे पाय," लाली म्हणाली, "ढावलो गळा धरल्याबिगर नसते म्हणत. गळा नसला त थो कोणालेच पोचत नाई. याडीचं हाय थे याडीले दे. त्या गुहेतलीले तिच्या लोकायनं द्यावं. आन तू उद्या ये. तुरीच्या शेंगा उकडून ठेवतो."

मी जिना चढून वर गेले. राजकुमार कानाला हेडफोन लावून तेच ऐकत बसला होता, डोळे लाल. म्हटलं, "पूस."

"ताई, असं पुन्हा येणार नाई."

"म्हणूनच पूस."

"म्या उगाच बोलून गेलो. पण एकदा तुमी ऐकून त पाहा."

"राजा, पूस रे बाबा."

त्यानं पुसलं. मी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले, माझ्या आवाजाची ती हिरवी रेघ उभी-आडवी नाचणारी, एका क्षणी नाहीशी झाली. किळस मात्र गेली नाही. पुसल्यावर जाईल असं वाटलं होतं. बाईंना फोन केला. म्हटलं, रडणं देणार नाही, पण शेवट मी वाचते, एका अटीवर. पल्याडची 'मले' म्हणेल. तिचं शेवटचं वाक्य, "आई, मला सोडू नकोस," ते मी "मले नको सोडू वं माय" असं वाचीन. जिनं बोलायला शिकवलं तिच्याच बोलीत रडेल ना पोर?  बाई म्हणाल्या, "ताई, मला पटतंय. खरंच पटतंय. पण मग ऐकणाऱ्याला वाटेल ती पण त्यांच्यातलीच."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी दुसरा आवाज शोधला. राग नाही. परवा तो ऐकलाही. पुण्याची कुणी मुलगी आहे, तयारीची आहे, 'मले' म्हणताना ओठ थोडे वाकडे करते, ते ऐकू येतं. लांडगे छान आहेत.

रडणं पुसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तांड्यावर गेले होते. भर दुपारची. लालीच्या दारात शेंगांची वाफ. ती हात पुसत बाहेर आली, आता तीही म्हातारी दिसते, पुढचे दात गेलेले, ओठांच्या कडेला तंबाखूची मिसरी. आल्या आल्या काही न बोलता तिनं गळ्यात हात टाकले आणि सुरू केलं, मोठ्यानं, गोरबोलीत. शेजारच्या बाया दाराशी आल्या. मला घामाचा वास आला, मिसरीचा, बकरीचा, तिच्या गालाचा ओलेपणा माझ्या गालाला लागला. सांगताना लाज वाटते, पण खोटं सांगण्याइतकी मोठी भक्तीण मी नाही: मला किळस आली. अंग मागं सरू लागलं, तसंच, वीतभर. मी सरकू दिलं नाही. हात तिच्या पाठीमागं नेऊन एकात एक अडकवले आणि नाक तिच्या मानेत दाबलं. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, चालसुद्धा नाही. ती म्हणत होती, मी धरून होते. तिचे कितीतरी शब्द मला कळले नाहीत. वास जात नव्हता. कुणीतरी आतून खुर्ची आणली, तशी लाली रडणं न थांबवताच पायानं ती लोटून म्हणाली, "ने थे तिकडं," आणि पुढची ओळ धरली.

झालं, मायबापहो. तुम्ही ते पुस्तक ऐकाल, जरूर ऐका, पोरीचं काय होतं ते ऐकताना डोळे भरून येतील. मोठी बोलेल तेव्हा थोडं हसूही येईल. येऊ द्या. पण पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारी एक बाई होती, मानीबाई खेमसिंग आडे. स्वतःच्या चुलीपाशी बसून ती परक्या लेकराची बोली बोलली, चुकत चुकत, वर्षानुवर्षं, पोर परत जाईल तेव्हा तिचं अडू नये म्हणून. मला तिला रडून देता आलं नाही. तुम्ही नुसती आठवण ठेवा तिची. नाव घेताना याडी म्हटलं तरी चालेल, ती ओ देईल.